राउटर, रॅक आणि छतावरचा अँटेना: नेटवर्कचं अर्थिंग सुरक्षित कसं करायचं?

एप्रिल-मे महिन्यात विजांसह वळवाचा पाऊस कोसळतो आणि दुसऱ्या दिवशी इंटरनेट दुरुस्त करणाऱ्यांचे फोन वाजायला लागतात. कुठे राउटर जळालेला असतो, कुठे ग्रामपंचायतीतल्या स्विचचे चार पोर्ट बंद पडलेले असतात, तर कुठे सीसीटीव्हीचा रेकॉर्डर सुरूच होत नाही. उपकरणं नवी आणता येतात. पण रॅकच्या पत्र्यात फेज उतरला आणि त्याला कुणाचा हात लागला, तर नुकसान भरून येत नाही. या दोन्ही धोक्यांवरचा पहिला उपाय एकच आहे, तो म्हणजे नीट केलेलं अर्थिंग.

अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ मध्ये नाव बदलण्यापूर्वीचा अहमदनगर) हे काम वाटतं तितकं सोपं नाही. कारण अर्थिंग शेवटी जमिनीवर अवलंबून असतं आणि इथली जमीन तालुक्यागणिक बदलते.

थोडक्यात महत्त्वाचं

- अर्थ वायर सगळ्यात आधी जोडायची आणि सगळ्यात शेवटी काढायची.
- एका इमारतीत एकच अर्थिंग व्यवस्था असावी. खड्डे कितीही असले तरी ते एकमेकांना जोडलेले हवेत.
- अर्थिंगच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच.
- अर्थिंगचा रोध उन्हाळ्यात, माती कोरडी असताना मोजायचा.
- न्यूट्रलला अर्थ म्हणून कधीही वापरायचं नाही.

अर्थिंग नेमकं काय करतं?

उपकरणाच्या धातूच्या भागाला जाड वायरने जमिनीशी जोडणं म्हणजे अर्थिंग. नेटवर्कच्या बाबतीत त्याची तीन कामं असतात.

पहिलं काम माणसाला वाचवण्याचं. उपकरणाच्या आत वायरचं आवरण खराब होऊन फेज पत्र्याला टेकला, तर वीज अर्थ वायरमधून जमिनीत जाते. तो प्रवाह ओळखून संरक्षक स्विच पुरवठा तोडतो.

दुसरं काम विजेच्या कडकडाटात येणारा जास्तीचा दाब वाट करून देण्याचं. सर्ज प्रोटेक्टर हा दाब स्वतः गिळत नाही, तो अर्थिंगकडे वळवतो. अर्थिंगच नसेल तर महागडा सर्ज प्रोटेक्टरही बराचसा निरुपयोगी ठरतो.

तिसरं काम स्थिर वीज आणि गळतीचा प्रवाह काढून टाकण्याचं. मेटल बॉडीच्या स्विचला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटतं, ते अनेकदा यामुळेच. त्याच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमधून किंचित प्रवाह पत्र्यावर येत असतो. अर्थ जोडलेला असेल तर तो निघून जातो. थ्री पिन प्लग टू पिनच्या सॉकेटमध्ये कसाबसा बसवला असेल, तर तो हाताला जाणवतो.

घरातल्या प्लास्टिकच्या राउटरचा अॅडॉप्टर मात्र टू पिनचाच असतो. त्याला दुहेरी इन्सुलेशन असल्याने वेगळ्या अर्थची गरज नसते. धातूचा रॅक, मेटल बॉडीचा स्विच, यूपीएस आणि छतावरचा पाइप यांना मात्र अर्थिंग लागतंच. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसारही विद्युत उपकरणांची धातूची आवरणं अर्थला जोडणं बंधनकारक आहे.

नगरची माती आणि अर्थिंगचं गणित

१७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा हा जिल्हा राज्यात सर्वांत मोठा आहे. त्यात १४ तालुके आहेत. गोदावरी आणि प्रवरेच्या काठाला, म्हणजे कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा या भागांत खोल काळी माती आढळते. पारनेर, पाथर्डी, जामखेड आणि संगमनेरच्या पठारावर अनेक ठिकाणी वीतभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली बसाल्टचा काळा पाषाण लागतो. अकोले तालुक्यातल्या घाटघरला तर नगरची चेरापुंजी म्हणतात. पण पाऊस कितीही पडला तरी खडकाळ उतारावरून पाणी वाहून जातं.

ओलसर काळ्या मातीतून वीज सहज जाते, कोरड्या मुरुमातून किंवा खडकातून कष्टाने जाते. फरक किती पडतो, ते एका उदाहरणावरून पाहू. ३ मीटर लांब आणि ४० मिलिमीटर जाड नळी जमिनीत उभी पुरली. मातीची रोधकता ३० ओहम-मीटर असेल, तर त्या नळीचा जमिनीशी रोध साधारण ९ ओहम येतो. तीच नळी ३०० ओहम-मीटरच्या कोरड्या मुरुमात पुरली, तर तो ९० ओहमच्या आसपास जातो. नळी तीच, मजुरी तीच, पण अर्थिंग दहा पट कमजोर.

काळ्या मातीचीही एक खोड आहे. उन्हाळ्यात ती आकसते आणि तिला भेगा पडतात. या भेगा नळीच्या कडेने गेल्या, तर नळी आणि माती यांच्यात हवेची फट राहते. पावसाळ्यात उत्तम आकडा दाखवणारं अर्थिंग मे महिन्यात म्हणूनच फसवं ठरू शकतं. नेमक्या त्याच दिवसांत वळवाच्या विजा पडतात.

अर्थिंग आहे, तरी एमसीबी का पडत नाही?

बहुतेकांचा समज असतो की पत्र्यात वीज उतरली की एमसीबी पडणारच. वरचेच आकडे घेऊन हा समज तपासता येतो.

९ ओहमच्या अर्थिंगमधून २३० व्होल्टला जास्तीत जास्त २५ अँपिअर प्रवाह जाईल. डीपीच्या अर्थिंगचा रोध धरला, तर त्याहूनही कमी. घरगुती बोर्डातला १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी क्षणात पडायला ८० ते १६० अँपिअर प्रवाह लागतो. २५ अँपिअरवर त्याला काही मिनिटंही लागू शकतात. ९० ओहमच्या अर्थिंगमध्ये तर प्रवाह अडीच अँपिअरच असेल आणि एमसीबी पडणारच नाही. तेवढा वेळ रॅकच्या पत्र्यावर धोकादायक दाब राहील. त्या अर्थिंगला जोडलेल्या इतर धातूच्या वस्तूंवरही तो पसरेल.

म्हणून आरसीसीबी लागतो. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांतला फरक तो पाहतो. ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे ०.०३ अँपिअरचा फरक पडला की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. ९० ओहमच्या अर्थिंगलाही हे जमतं. खडकाळ गावात आरसीसीबी लावणं म्हणूनच जास्त गरजेचं आहे.

एक व्यावहारिक अडचण मात्र येते. एकाच आरसीसीबीवर बरीच उपकरणं असतील, तर प्रत्येकाची थोडीथोडी गळती मिळून तो विनाकारण पडू लागतो. मग कुणीतरी वैतागून तो काढून टाकतं. त्यापेक्षा नेटवर्कच्या रॅकला वेगळं सर्किट आणि वेगळा आरसीसीबी देणं चांगलं.

अर्थिंगचा खड्डा कसा असावा?

भारतात यासाठी आयएस ३०४३ हे मानक आहे. त्यातल्या ढोबळ गोष्टी अशा:

- जीआय नळी वापरायची असेल तर आतला व्यास किमान ३८ मिलिमीटर आणि लांबी किमान अडीच मीटर.
- जीआय प्लेट असेल तर ६० बाय ६० सेंटिमीटर आणि ६.३ मिलिमीटर जाडी. तिची वरची कड जमिनीखाली किमान दीड मीटर.
- खड्डा इमारतीपासून साधारण दीड मीटर लांब.
- दोन नळ्या असतील तर त्यांच्यातलं अंतर नळीच्या लांबीच्या दुप्पट असेल तर उत्तम.

कोळसा आणि मीठ भरण्याची पद्धत जुनी आहे. कोळसा ओल धरून ठेवतो आणि मीठ रोध कमी करतं. पण मीठ पावसात वाहून जातं आणि जीआयला गंजही लावतं. आता त्याऐवजी बेंटोनाइटसारखी माती किंवा तयार पावडर भरतात. ती फुगून नळीला चिकटून राहते, त्यामुळे भेगांची अडचण कमी होते. खड्ड्यावर झाकण आणि पाणी ओतायला नळी ठेवली, तर उन्हाळ्यात ओल टिकवता येते.

खडक लागला की नळीचा वरचा भाग कापून काम उरकण्याचा मोह होतो. नळी निम्मी झाली की रोध जवळजवळ पावणेदोन पट होतो. तिथे खोली मिळत नसेल, तर जागा आडवी शोधावी लागते. किमान अर्धा मीटर खोल चर खणून त्यात लांब जीआय पट्टी टाकायची किंवा अंतरावर तीन-चार नळ्या पुरून त्या पट्टीने जोडायच्या. शेजारी ओल राहणारी जागा असेल, उदाहरणार्थ झाडांचं आळं, तर खड्डा तिकडे घेतलेला बरा.

‘कॉम्प्युटरचं वेगळं अर्थिंग’ हा गैरसमज

नेटवर्कच्या कामात सर्रास ऐकू येणारा सल्ला म्हणजे ‘लाइटचं अर्थिंग वेगळं ठेवा आणि सर्व्हरचं वेगळं’. वेगळा खड्डा घ्यायला हरकत नाही. पण तो इमारतीच्या मुख्य अर्थिंगला जोडलाच नाही, तर तो धोक्याचा ठरतो.

समजा छतावरच्या मास्टचा एक खड्डा आहे आणि बोर्डाचा दुसरा, आणि दोन्ही जोडलेले नाहीत. वीज पडली आणि त्यातले १० हजार अँपिअर १० ओहमच्या खड्ड्यातून गेले, तर त्या खड्ड्याचा दाब क्षणभर १ लाख व्होल्टने वर जाईल. दुसरा खड्डा मात्र जवळपास शून्यावर असेल. अँटेनाकडून आलेली लॅन केबल आणि बोर्डातून आलेली पॉवर केबल भेटतात कुठे? स्विचमध्ये. त्या पोर्टचं इन्सुलेशन साधारण १,५०० व्होल्टपर्यंतच्या चाचणीचं असतं. तिथे काय होणार हे उघड आहे.

दोन्ही खड्डे जाड पट्टीने जोडलेले असतील, तर सगळ्यांचा दाब एकदमच वर जातो आणि एकदमच खाली येतो. वीज वाहते ती दाबातल्या फरकामुळे. फरक राहिला नाही, तर उपकरणातून आणि माणसातून ती जात नाही. अर्थिंगमध्ये ‘सगळे एका पातळीवर’ असणं हे कमी ओहमपेक्षाही महत्त्वाचं आहे, ते यासाठी.

रॅक बसवतानाचा योग्य क्रम

१. आधी मुख्य पुरवठा बंद करून खात्री करा. यूपीएस किंवा इन्व्हर्टर असेल तर त्याचंही आउटपुट बंद करा. मेन बंद केल्यावरही तिथून वीज येत राहते.

२. जागेवर तांब्याची अर्थ पट्टी बसवा आणि ती इमारतीच्या मुख्य अर्थ टर्मिनलला जोडा. या मुख्य जोडणीसाठी किमान ६ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर लागते. मोठ्या रॅकला साधारण १६ चौरस मिलिमीटरची वापरतात.

३. रॅक भिंतीला किंवा जमिनीला पक्का झाला की लगेच त्याची अर्थ वायर जोडा. जोडाच्या जागचा रंग खरवडून काढा, कारण रंगातून वीज जात नाही. दातेरी वॉशर वापरा. वायरला क्रिम्प केलेली लग लावा, नुसती पिळून स्क्रूखाली दाबू नका.

४. रॅकचं दार आणि बाजूचे पत्रे बिजागरीवर अवलंबून न ठेवता लवचीक वेणीदार पट्टीने जोडा.

५. स्विच, राउटर, यूपीएस रॅकमध्ये बसवा आणि प्रत्येकाच्या अर्थ स्क्रूपासून स्वतंत्र वायर अर्थ पट्टीपर्यंत न्या. एका उपकरणावरून दुसऱ्यावर साखळी करू नका. मधलं उपकरण दुरुस्तीला काढलं की पुढच्या सगळ्यांचा अर्थ तुटतो.

६. मल्टीमीटरने प्रत्येक पत्रा आणि अर्थ पट्टी यांच्यातली जोडणी तपासा.

७. यानंतरच लॅन आणि फायबर जोडा, आणि सगळ्यात शेवटी पॉवर.

उपकरण काढताना हाच क्रम उलटा, अर्थ वायर शेवटी. थ्री पिन प्लगमध्ये हाच नियम दडलेला आहे. वरची पिन लांब असते, म्हणून ती आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते.

कार्ड किंवा मॉड्यूल हाताळताना वापरायचा मनगटी पट्टा वेगळ्या कामाचा आहे. अंगावरची स्थिर वीज तो सावकाश काढून टाकतो. त्याच्या दोरीत १० लाख ओहमचा रोध बसवलेला असतो. हा पट्टा विजेच्या धक्क्यापासून वाचवत नाही. म्हणून उघड्या, चालू वीजजोडणीवर काम करताना तो घालायचा नसतो.

छतावरचा अँटेना आणि बाहेरचे कॅमेरे

वाडी-वस्तीवर इंटरनेट पोहोचवणारा अँटेना उंच पाइपवर बसवलेला असतो. अनेकदा गावातली सगळ्यात उंच धातूची वस्तू तीच असते. अशा मास्टला विजेसाठी स्वतंत्र, सरळ, कमीत कमी वळणाची पट्टी खाली आणावी लागते. वीजसंरक्षणाच्या आयएस/आयईसी ६२३०५ मानकात अशा वाहकाचं क्षेत्रफळ किमान ५० चौरस मिलिमीटर सांगितलं आहे. २५ बाय ३ मिलिमीटरची जीआय पट्टी त्यात बसते, साधी हिरवी वायर बसत नाही. हेच मानक वीजसंरक्षणाच्या अर्थिंगचा रोध १० ओहमच्या आत असावा असं सुचवतं.

अँटेनाकडून येणारी लॅन केबल इमारतीत शिरते त्याच ठिकाणी लॅनचा सर्ज प्रोटेक्टर बसवावा आणि तो त्याच अर्थिंगला जोडावा. बोर्डातल्या सर्ज प्रोटेक्टरच्या वायर मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवाव्यात. वायर लांबली की संरक्षण घटतं.

ढगांचा गडगडाट ऐकू आला की छतावरून खाली उतरायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप परिसरातल्या विजांची सूचना देतं. छतावर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असावं.

फायबर आहे म्हणजे धोका नाही?

काचेच्या तंतूतून वीज जात नाही, हे खरं. पण फायबरच्या केबलमध्ये बऱ्याचदा पोलादी तार किंवा पत्र्याचं आवरण असतं. ती केबल खांबांवरून येताना विजेच्या तारेला टेकली, तर पोलादी तारेतून वीज थेट घरापर्यंत येऊ शकते. म्हणून आधाराची तार घराबाहेरच हुकला थांबवायची आणि आत फक्त फायबर न्यायचं. जमिनीखालून आलेल्या आर्मर्ड केबलचं धातूचं आवरण आत शिरतानाच अर्थिंगला जोडायचं.

फायबरचा खरा फायदा दोन इमारती जोडताना दिसतो. शाळा आणि ग्रामपंचायत, किंवा कारखान्याचं ऑफिस आणि वजनकाटा यांची अर्थिंग वेगळी असतात. त्यांच्यात तांब्याची लॅन केबल टाकली, तर दोन्हीकडच्या दाबातला फरक केबलमधून वाहायला वाट मिळते. धातू नसलेली फायबर केबल ही वाटच बंद करते. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, पुणे जिल्ह्यातल्या खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरलेल्या ३० अँटेनांचे संकेत मध्यवर्ती इमारतीत फायबरनेच येतात. दोन इमारतींमधलं अंतर पन्नास फूट असलं तरी हाच मार्ग चांगला.

अर्थिंग तपासायचं कसं?

फेज आणि अर्थ यांच्यात बल्ब लावून ‘पेटला म्हणजे अर्थिंग चांगलं’ असं सांगण्याची पद्धत आहे. ती फसवी आहे. १०० वॉटच्या बल्बचा रोध सुमारे ५२९ ओहम असतो. अर्थिंग ९० ओहमचं, म्हणजे अगदी कमजोर असलं तरी बल्बला जवळपास १९५ व्होल्ट मिळतात आणि तो झकास पेटतो.

खरी तपासणी अर्थ टेस्टरने होते. त्यात जमिनीत अंतरावर दोन खिळे ठोकून रोध मोजतात. नेटवर्कच्या रॅकसाठी बहुधा ५ ओहम किंवा त्याहून कमी रोधाची अपेक्षा असते. उपकरणाच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो पाळावा. मोजमाप उन्हाळ्यात करून तारखेसह खड्ड्याच्या झाकणावर किंवा बोर्डावर लिहून ठेवावं. आरसीसीबीवरचं टेस्ट बटणही अधूनमधून दाबून पाहावं.

जीवावर बेतणाऱ्या चुका

न्यूट्रलवरून अर्थ घेणं: सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांना वायरच्या तुकड्याने जोडलं की टेस्टरला सगळं ठीक दिसतं. पण मागे कुठेही न्यूट्रल तुटला, तर उपकरणाच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात.

अर्थिंगचा न्यूट्रल म्हणून वापर: न्यूट्रल नसताना फेज आणि अर्थिंग यांवर दिवा किंवा राउटर चालवल्यास खड्ड्याभोवतीची जमीन आणि त्या अर्थिंगला जोडलेला प्रत्येक पत्रा धोकादायक होतो. जवळ जनावरं बांधलेली असतील, तर धोका आणखी वाढतो.

पाण्याच्या पाइपला अर्थ जोडणं: पाइपमध्ये कुठेतरी प्लास्टिकचा तुकडा असतोच. मग अर्थिंग होत नाहीच, उलट नळाला वीज येऊ शकते.

थ्री पिनची वरची पिन मोडणं: सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून पिन काढली की उपकरणाचं अर्थिंग संपलं.

काम कुणी करायचं?

राउटरचा प्लग आणि लॅन केबल वादळाआधी काढून ठेवणं, आरसीसीबीचं बटण दाबून पाहणं, खड्ड्यात पाणी ओतणं ही कामं कुणीही करू शकतं. खड्डा, बोर्ड आणि मास्टची पट्टी मात्र परवानाधारक वायरमन किंवा ठेकेदाराकडूनच करून घ्यावी. खांबावरच्या तारेची तक्रार महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर करता येते.

कुणाला विजेचा धक्का बसलाच, तर आधी मेन स्विच बंद करायचा. पुरवठा तुटेपर्यंत त्या व्यक्तीला हात लावायचा नाही. मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने तिला वायरपासून दूर करायचं. १०८ ला फोन करायचा आणि श्वास थांबला असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीवर दाब देत राहायचं.